वरून बघण्याचा धंदा

ड्रोन उडवणं म्हणजे पोरखेळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तो माझ्यासारखा उडवून दाखवावा आणि मग बोलावं. दोन अंगठे, तळहाताएवढा पडदा आणि शांत डोकं, एवढ्यावर सगळा कारभार असतो. माझे अंगठे उत्तम आहेत. डोकंही शांत आहे, फक्त ‘शांत आहे ना?’ असं मध्येच कुणी विचारू नये, विचारलं की ते बिघडतं. तेव्हा उडवण्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. शंका होती ती इतकीच, की उडवल्याबद्दल कुणी पैसे देईल का. आणि ही शंकाही माझी नव्हे, बायकोची.

मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या खात्यात होतो. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची भिंत पडली, की त्याचे फोटो माझ्या टेबलावर यायचे आणि ते खरे की खोटे हे मी ठरवायचो. फोटो काय असायचे म्हणता! वाकडे, अंधारातले, निम्म्या फोटोत काढणाऱ्याचा स्वतःचा अंगठा. असे अंगठे आयुष्यभर बघितल्यावर माणसाच्या मनात काहीतरी पेटतं. छपराचा फोटो छपराच्या वरून काढला पाहिजे आणि तो मी काढला पाहिजे, असं माझं ठाम मत झालं. मी ड्रोन घेतला, परीक्षा दिली, परवाना मिळवला, ‘गरुडदृष्टी’ या नावाची पाटी करून दाराला लावली आणि लांबलचक बिनपगारी रजा टाकली.

रजा टाकताना मी एक भाषण केलं, ते करायला नको होतं. खातं जमलं होतं, बिस्किटं होती, वातावरण तयार होतं. मी म्हणालो, “आजवर मी या खुर्चीत बसून लोकांनी काढलेले फोटो बघत आलो. यापुढे मी काढलेले फोटो लोक बघतील.” टाळ्या पडल्या. माझ्या हाताखाली काम शिकलेला एक सहकारी होता, कागदाला कागद दिसला की टाचणी मारायचा म्हणून त्याला आम्ही टाचणीच म्हणायचो. त्याने तर डोळे पुसले. पुढच्याच आठवड्यात त्याला बढती मिळून तो खातेप्रमुख झाला. आता रजा संपवून परत जायचं म्हणजे त्या भाषणानंतर नाक मुठीत धरून टाचणीसमोर उभं राहायचं.

आणि परत जावं लागणार नाही याची एकच वाट बायकोने ठेवली होती. ती शाळेत गणित शिकवते. तिच्याकडे कुठलीही गोष्ट अटींसकट येते.

“रजा संपायच्या आत एक काम,” ती म्हणाली. “एकच. पण त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. देणारा ओळखीतला नको, नात्यातला नको, आणि बिचारा म्हणून दिलेले नकोत. जमलं तर खुशाल नोकरी सोडा, मी अवाक्षर काढणार नाही. नाही जमलं तर रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी डबा भरून देईन आणि ऑफिसात जायचं.”

“एकच?” मी हसलो. “अगं, रांग लागेल!”

रांग लागली. तिचं श्रेय समोरच्या बिऱ्हाडातल्या अनुभवीकाकांना. काका निवृत्त इंजिनिअर आहेत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा त्यांना अनुभव आहे. ड्रोनचाही होता. तो कुठून आला हे विचारायची सोय नव्हती.

“अरे, सुरुवातीला फुकट कर,” ते म्हणाले. “नाव होऊ दे. नाव झालं की पैसा झक मारत येतो.”

मी फुकट केलं आणि नाव झालं. फुकट करणारा म्हणून झालं. तळमजल्यावरच्या वहिनींचा पोपट उडाला, तो शोधून दिला. वरच्या मजल्यावरच्या आजींना त्यांचे यजमान फिरायला जातो म्हणून खरंच मैदानात जातात की भजी खायला, हे बघायचं होतं. मी नकार दिला, कारण यजमान आदल्याच दिवशी भजी घेऊन माझ्याकडे येऊन गेले होते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची चादर वाऱ्याने उडून झाडावर बसली होती, तीही माझ्या पंख्यांच्या वाऱ्याने खाली आली. प्रत्येक जण पाठ थोपटायचा. पाठीवर थापा मारणारे हात खिशात जायचं नाव घेईनात.

“आज किती आले?” बायको रोज विचारायची.

“आशीर्वाद,” मी म्हणायचो.

घरं विकणाऱ्या एका दलालाकडे खरं काम मिळतामिळता राहिलं. बंगल्याची चित्रफीत हवी होती. मी अशी सुंदर काढली की काय सांगू, बंगल्यावरून हळूच वर जायचं, आणखी वर, आणि मग सगळा परिसर उलगडत जायचा. परिसरात बंगल्यामागचा कचरा डेपोही उलगडला. दलाल म्हणाला, “साहेब, तुम्ही फार वर गेलात.” आता वर जाणं हाच माझा धंदा. कमी वर जायचं असतं तर मी स्टूल घेतलं असतं. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं, आणि ते काम गेलं.

रजा सरत आली. मी कॅलेंडरकडे बघेनासा झालो. आणि एका सकाळी फोन वाजला. टाचणी!

“सर, एक विनंती होती,” तो म्हणाला. खातेप्रमुख होऊनही मला सर म्हणाला, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. “गावाबाहेरच्या फर्निचरच्या गोदामाचे पत्रे वादळात उडालेत म्हणून दावा आलाय. आपला पाहणी करणारा माणूस वर चढायला तयार नाही. छप्पर कमकुवत आहे म्हणे. तुमचं ते गरुड... ते फोटो काढेल का? रीतसर बिल द्या.”

रीतसर बिल! मी फोन ठेवला आणि पाच मिनिटं घरभर नुसता चालत होतो. बायको शाळेत जायला निघाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चपला घालता घालता विचारलं, “तुमचं ऑफिस म्हणजे ओळखीतलं नाही का?”

“ऑफिस ही व्यक्ती नव्हे,” मी म्हणालो. “संस्थेला ओळख नसते.”

“पैसे येऊ देत, मग बघू,” ती म्हणाली आणि गेली.

आता नियम असा आहे की उडवणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, म्हणून आकाशातल्या ड्रोनवर नजर ठेवायला शेजारी दुसरा माणूस उभा असावा लागतो. परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी हे मला इतक्यांदा बजावलं होतं की झोपेतही माझ्या शेजारी कुणीतरी वर बघत उभं असायचं. हा दुसरा माणूस म्हणून मी काकांना नेलं. खरं म्हणजे त्यांनी मला नेलं. गाडीत बसून ते माझी वाट बघत होते.

गोदामाचा मालक अवाढव्य माणूस होता. आवाजही तसाच. “वादळाने पत्रे नेले हो!” तो दारातच गरजला. “आमचा छप्पर दुरुस्त करणारा वर जाऊन बघून आलाय. निम्मे पत्रे जागेवर नाहीत, आणि बाकीचं सगळं खिळखिळं झालंय. नवे पत्रे तोच आणून देणार आहे. तो म्हणालाय, वर कुणी पाऊल ठेवायचं नाही, कोसळेल.”

“पाऊल ठेवायचा प्रश्नच नाही,” मी म्हणालो. “आम्ही वरून बघतो.” हे वाक्य मी आरशासमोर तयार केलं होतं. मालकावर त्याचा परिणाम झालेला मला स्पष्ट दिसला.

ड्रोन उडाला. पडद्यावर छपराचा एक एक भाग सरकू लागला. मोठमोठी भोकं, त्यातून दिसणारी खालची कपाटं, उलट्या खुर्च्या, सगळं स्वच्छ. अंगठे लोण्यासारखे फिरत होते. “काका, दिसतोय ना?” मी मधून मधून विचारत होतो.

“दिसतोय, दिसतोय!” काका वर बघत म्हणायचे. “मस्त फिरतोय. काय ऐट आहे!”

थोड्या वेळाने पडद्यावरचं चित्र हलेनासं झालं. मी अंगठे दाबले. काही नाही. “काका, थांबलाय का?”

“छे! गोल गोल घिरट्या घालतोय. आता तर पंखही हलवत नाहीये.”

मी मान वर केली. काका अर्धा तास एका घारीवर नजर ठेवून होते. घार खरोखरच छान फिरत होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा ड्रोन पाण्याच्या टाकीमागे बॅटरी संपवून, शिकवल्याप्रमाणे सावकाश छपरावर उतरला होता आणि टाकीकडे तोंड करून बसला होता.

“म्हणजे आता कुणीतरी वर जायला पाहिजे,” मालक म्हणाला.

त्याचं अंग बघता तो जाणं शक्य नव्हतं. काकांना शिड्यांचा अनुभव होता, पण गुडघ्यांचा अनुभव जास्त होता. राहिलो मी. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती आता सांगायला हरकत नाही. मला उंचावर भोवळ येते. ड्रोनचा धंदा मला पटला त्यात याचाही हात होता. वर जायचं, पण आपण खाली राहून.

मालकाने शिडी धरली. मी छत्री घेऊन चढलो. पाऊस नव्हता, छत्रीच्या मुठीने ड्रोन ओढून घ्यायचा बेत होता. छप्पर कोसळणार होतं म्हणून त्यावर पाय द्यायचा नव्हता, तेव्हा शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोटाने छपराला चिकटून, डोळे घट्ट मिटून, टाकीच्या दिशेने मी छत्री फिरवत राहिलो. खालून काका ओरडत होते, “खाली बघू नकोस! खाली बघू नकोस!” मी वरसुद्धा बघत नव्हतो. शेवटी मूठ कशाला तरी अडकली, मी ओढलं, आणि देवाच्या कृपेने तो ड्रोन निघाला. खाली आलो तेव्हा माझ्या शर्टाला पुढून गंज लागला होता आणि शिडी मी अजून सोडली नव्हती. “वारा बराच आहे वर,” मी म्हणालो. एवढं बोलणं माझ्या हुद्द्याला आवश्यक होतं.

घरी येऊन फोटो बघितले. अप्रतिम! त्यातला सगळ्यात सुंदर फोटो, खरं सांगायचं तर, ड्रोन बसल्या जागेवरून आपोआप निघालेला होता. टाकीची सावली, तिच्यात एकावर एक रचलेले पत्रे, शेजारी पत्र्याचा डबा आणि डब्यात नटबोल्ट. काय ते ऊन, काय ती मांडणी! बायकोलाही दाखवला. “छान आहे,” ती म्हणाली, “पण हे पत्रे कुणाचे?” मी म्हणालो, “अगं, कलेत असं विचारत नाहीत.” तो फोटो मी बाकीच्या फोटोंच्या सगळ्यात वर ठेवला आणि बिलासकट ऑफिसात दिला.

मग बिलाच्या पैशांची वाट बघणं सुरू झालं. आज येईल, उद्या येईल. रजेचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा मी स्वतःच गेलो. टाचणीने मला बसायला खुर्ची दिली. खुर्ची पाहुण्यांची होती, तीही मी नोंद केली.

“सर, बिल तयार आहे,” तो म्हणाला. “फक्त पडताळणीची सही राहिलीय.”

“मग करून घ्या की!”

“ती तुमची असते, सर.”

इथे मला थोडं मागे जावं लागतं. पूर्वी एकदा एकच पडलेलं झाड तीन वेगवेगळ्या घरांवर पडल्याचे फोटो आले होते. ते मी पकडलं होतं, तेव्हाच्या खातेप्रमुखांनी जाहीर कौतुक केलं होतं, आणि त्या भरात मी एक नियम करून घेतला होता की बाहेरच्या कुठल्याही फोटोच्या बिलावर पडताळणीच्या टेबलावरच्या माणसाची सही हवीच आणि हे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवता येणार नाही. हे शेवटचं कलम मी आग्रहाने घातलं होतं. आपल्यावाचून अडलं पाहिजे, ही कुणाची इच्छा नसते? आता माझ्यावाचून माझंच अडलं होतं.

“बरं, आण इकडे. करतो सही,” मी म्हणालो.

“पण तुम्ही रजेवर आहात. रजेवरच्या माणसाची सही चालत नाही. आधी हजर व्हावं लागेल.”

“होतो हजर!”

“हजर झालात की तुम्ही कर्मचारी. कर्मचाऱ्याला बाहेरच्या कामाचं बिल देता येत नाही.” त्याने टाचण्यांची डबी माझ्याकडे सरकवली, कशाला ते त्यालाही कळलं नसावं. “तसे तुम्ही आताही कर्मचारीच आहात म्हणा. फोन केला तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही, सर. तुमचं ते भाषण ऐकून मला वाटलं, तुम्ही गेलात.”

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! अख्ख्या खात्याला वाटत होतं मी गेलो, आणि मी एकटाच अजून गेलो नव्हतो. मी समोरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. अक्षर मात्र मी बिघडू दिलं नाही. “आता मी बाहेरचा,” मी म्हणालो. “टेबलही रिकामं झालं. नवा माणूस नेमा, सही घ्या, बिल पाठवा.” आणि ताठ मानेने निघालो. जिन्यात मात्र कठडा धरावा लागला.

टेबलाचा कार्यभार टाचणीने स्वतःकडेच घेतला आणि चार दिवसांत बिल घरी आलं. त्यावर शेरा होता: ‘काम केले त्या दिवशी अर्जदार नोकरीत होता. नामंजूर.’ खाली सही, आणि शेऱ्याला टाचणी. मी तो शेरा तीनदा वाचला. अगदी अचूक होता. मीच शिकवलं होतं त्याला. मीही तोच लिहिला असता.

म्हणजे आता काम नाही, पैसे नाहीत आणि नोकरीही नाही. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी घाबरलो. बायको स्वयंपाकघरात वह्या तपासत बसली होती आणि मला तिच्यासमोर जाऊन ‘राजीनामा’ हा शब्द उच्चारवेना. तो मी फक्त काकांना सांगितला होता, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून. ड्रोन कपाटात ठेवून मी खिडकीशी उभा राहिलो. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात गोदामाचा मालक. दार संपूर्ण भरलं होतं.

“तुम्हीच ना ते वरून बघणारे?” तो गरजला.

मी होय म्हणालो. नाही म्हणायला पाटी आड येत होती.

“माझा दावा फेटाळला कंपनीने! तुमच्या त्या फोटोवरून! पत्रे उडालेले नाहीत, सोडवून रचून ठेवलेत म्हणे!”

मी दोन पावलं मागे सरलो. बायको हातात लाल पेन घेऊन बाहेर आली आणि माझ्या पुढे येऊन उभी राहिली. ती माझ्या खांद्याएवढी आहे, पण त्या क्षणी मला फार आधार वाटला.

“आवाज खाली,” ती त्याला म्हणाली. “आधी बसा. मग बोला.”

तो बसला. सोफा कुरकुरला. मग त्याने दोन्ही हात जोडले, आणि जोडले ते माझ्याकडे बघून. “अहो साहेब, मला काय माहीत! मी जन्मात त्या छपरावर गेलो नाही. त्या दुरुस्तीवाल्याने पत्रे सोडवले, टाकीमागे लपवले आणि मला सांगितलं वादळाने नेले. वर जाऊ नका, कोसळेल, हेही त्याचंच. माझेच पत्रे मला नवे म्हणून विकणार होता तो! तुमचा फोटो नसता तर मी माझ्याच पत्र्यांचे पैसे मोजले असते, वर त्याला चहा पाजला असता!”

“टाकीमागे आम्ही मुद्दामच उतरलो होतो,” मी म्हणालो. समोरच्या उघड्या दारातून काकांचा खोकला ऐकू आला.

“मला असाच माणूस पाहिजे,” मालक म्हणाला. “ज्याला माझी भीडभाड नाही. माझी आणखी गोदामं आहेत, सगळी त्याच चोराने दुरुस्त केलेली. एकेक छप्पर बघून द्या. पैशाचं काय ते तुम्ही बोला, मी घासाघीस करणार नाही.”

मी बायकोकडे बघितलं. ती त्या माणसाकडे निरखून बघत होती, वहीतलं उत्तर बरोबर निघालं तरी रीत तपासावी तसं. मला तिच्या मनातलं कळत होतं. ओळखीचा नव्हता, नात्यातला नव्हता, आणि बिचारा म्हणून तर तो नक्कीच आला नव्हता, माझ्यामुळे त्याचा दावा बुडाला होता. माझा ऊर भरून आला. पण एक हिशेब उरला होता. हे काम मिळायच्या आधीच मी नोकरी सोडून बसलो होतो, आणि ते तिला अजून सांगायचं होतं.

“बरं, कधी येताय?” मालकाने विचारलं. “ऑफिसात कुणीतरी म्हणालं, तुम्ही त्यांच्याकडचेच आहात. म्हणजे रविवारीच जमेल ना तुम्हाला? सुट्टीच्या दिवशी?”

मी तोंड उघडलं.

“रविवारच कशाला?” बायको म्हणाली. “हे आता रोजच मोकळे असतात.”

समोरच्या दारातून काकांचा खोकला पुन्हा ऐकू आला, आणि त्यांना घातलेल्या शपथेचं काय झालं ते मला कळलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शांतपणे लाल पेनला टोपण लावलं आणि मालकाला म्हणाली, “पण आगाऊ घेतल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत.”